एका युद्धाची चार नावे

कोरियन द्वीपकल्पात १९५० साली पेटलेल्या युद्धाला आपल्या अभ्यासक्रमात ‘कोरियन युद्ध’ म्हणतात. दक्षिण कोरियात ते २५ जून या आरंभाच्या तारखेवरून ‘सहा-दोन-पाच’ म्हणून ओळखले जाते, उत्तर कोरियात त्याचे नाव ‘पितृभूमी मुक्तियुद्ध’ आहे, तर चीनमधील विद्यार्थी ते ‘अमेरिकेचा प्रतिकार, कोरियाला साहाय्य’ या नावाने शिकतो. पदवीच्या वर्गाला आंतरराष्ट्रीय अभ्यास शिकवताना मी ही चारही नावे फळ्यावर लिहीत आले आहे. विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत मात्र पहिल्याच नावाच्या चष्म्यातून उत्तर लिहितात. यात त्यांचा दोष नाही, कारण दुसऱ्याचे नाव पाठ करता आले तरी ते नाव ज्यांना स्वाभाविक वाटते अशा माणसांमध्ये बसून शिकल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही. परदेशातील सत्राचा मी आग्रह धरते तो यासाठी.

या विषयाला तर त्याची विशेष गरज आहे. आंतरराष्ट्रीय राजकारणाचे पहिले अध्यासन (त्या विषयाचे खास प्राध्यापकपद) पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे स्थापन झाले, आणि पुढे दीर्घकाळ या शाखेची मूलभूत पुस्तके मुख्यतः ब्रिटन आणि अमेरिकेतच लिहिली गेली. जगाविषयीचा विषय जगाच्या एका कोपऱ्यातून मांडला गेला, ही त्याची जन्मजात मर्यादा आहे.

परंतु विमानात बसले की शिक्षण आपोआप घडते, हा समज मला मान्य नाही. १९२३ साली अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाने आठ विद्यार्थ्यांना पदवीचे तिसरे वर्ष शिकण्यासाठी फ्रान्सला पाठवले, तेव्हा त्यांना थेट पॅरिसच्या वर्गात बसवले नव्हते. आधी नान्सी या फ्रेंच शहरात भाषेची कसून तयारी झाली आणि मगच ते पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात गेले. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या उपक्रमातील हा क्रम आजही विचारात घ्यावा असा आहे. आपल्याच देशातील सहाध्यायी, आपलेच प्राध्यापक आणि आपलीच भाषा सोबत नेऊन चार आठवडे परक्या शहरात राहिलेला विद्यार्थी ते शहर पाहून येतो. तेथील वर्गात चर्चेचा धागा वारंवार हातातून सुटत असतानाही महिनोन्‌महिने बसलेला विद्यार्थी मात्र ऐकायला शिकतो. ज्याला घरचा खर्च, नोकरी किंवा प्रकृती यांमुळे दीर्घकाळ जाता येत नाही त्याने लहान कार्यक्रमाला जरूर जावे, पण तेथेही रोज थोडी भाषा आणि रोज थोडे लेखन असावे.

दुसरी गोष्ट रुक्ष वाटेल, पण तिच्यावाचून सगळे अडते: श्रेयांकांची, म्हणजे दुसरीकडे पूर्ण केलेल्या अभ्यासाच्या क्रेडिटची, मान्यता. सोफिया कोराडी ही इटालियन विद्यार्थिनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून शिकून परतली, तेव्हा तेथील अभ्यास तिच्या विद्यापीठाने मोजण्यास नकार दिला. त्या अपमानातून तिने अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकण्याची संधी देणाऱ्या युरोपातील ‘इरॅस्मस’ योजनेच्या उभारणीत तिचा मोठा वाटा राहिला. ही योजना १९८७ साली सुरू झाली आणि पहिल्या वर्षी ११ देशांतील ३,२४४ विद्यार्थ्यांनी तिचा लाभ घेतला. १९८९पासून श्रेयांक हस्तांतरणाची समान पद्धत आली. तिच्यात पूर्ण वर्षाचा अभ्यास ६० श्रेयांकांचा धरतात. विद्यार्थी आणि दोन्ही संस्था यांनी प्रस्थानापूर्वी अभ्यासक्रमांच्या यादीवर सह्या करायच्या, म्हणजे परतल्यावर वाद उरत नाही. मी ओळखत असलेल्या एका मुलाचे संपूर्ण सत्र अशा सहीअभावी वाया गेले. तेव्हापासून तो कागद पाहिल्याशिवाय मी कोणालाही निरोप देत नाही.

मधल्या काळात मन खचते, हेही आधी सांगायला हवे. फुलब्राइट या अमेरिकी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या अनुभवांवरून समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ साली असे मांडले की आरंभीचा उत्साह ओसरतो, एकटेपणा येतो आणि मग हळूहळू सावरणे होते. पुढील संशोधनात हा आलेख सर्वांना लागू पडला नाही. तरीही तिसऱ्या महिन्यात ‘परत यावेसे वाटते’ असे पत्र आले की मला नवल वाटत नाही. अशा पत्राला मी उपदेश करत नाही. आज वर्गात काय बोलले गेले आणि त्यातले कोणते वाक्य खटकले, एवढेच लिहून पाठवायला सांगते. खटकलेल्या वाक्यापाशी बहुधा अभ्यासाला खरी सुरुवात होते.

जाण्यापूर्वी प्रत्येकाने एका घटनेवर दोन पाने लिहून माझ्याकडे ठेवावीत, असा माझा नियम आहे. कैरोला गेलेल्या एका विद्यार्थिनीने १९५६च्या सुएझ प्रकरणावर लिहिले होते आणि तिचे पहिले वाक्य होते, ‘कालव्याच्या राष्ट्रीयीकरणामुळे संकट उद्भवले.’ इजिप्तमध्ये त्याच घटनेला ‘त्रिपक्षीय आक्रमण’ म्हणतात, हे ती जाण्यापूर्वीही जाणत होती. परतल्यावर तिने ती पाने मागून घेतली, ‘उद्भवले’ या शब्दाखाली रेघ ओढली आणि समासात लिहिले: ‘येथे कर्ता कोण? इस्राएल, ब्रिटन आणि फ्रान्स यांची सैन्ये माझ्या वाक्यात कोठेच नाहीत.’