तुम्ही विचारलंत म्हणून: चिंगीचं दुखणं मला आधी का कळलं नाही

चिंगीची दाढ काढली हे कळल्यापासून तळजाई टेकडीवर सकाळी भेटणारं कुणी ना कुणी विचारतंच, “इतकी वर्षं कुत्री पाळताय, तुम्हाला आधी कसं कळलं नाही?”

कारण ती जेवत होती. चिकन-भात चाटूनपुसून. खाणाऱ्या कुत्र्याला काय धाड भरलीय, असंच मी धरून चालले होते. कुत्रं दाढ ठणकत असतानाही खातं, हे मला ठाऊक नव्हतं. रेबीजच्या इंजेक्शनला नेलं तेव्हा डॉक्टरांनीही तोंड उघडून पाहिलं नव्हतं. ही सबब आहे, मान्य.

दिसत तर होतंच. मान कलती करून ती डावीकडूनच चावायची. भाकरीचा कडक तुकडा उचलायची, टाकायची, मग चाटत बसायची. दोरीची ओढाओढ तिने आपणहून सोडली. मी म्हटलं, सात वर्षांची झाली, पोक्त झाली.

दिवाळीत भाची आली. तिने चिंगीच्या गळ्यात पडून गालाला गाल घासला. चिंगीने तोंड फिरवलं, नाकावरून जीभ फिरवली, जांभई दिली. भरदुपारी झोपून उठलेली, तिला झोप कसली येणार? पोरीने पुन्हा मिठी मारली तेव्हा ती गुरगुरली. नुसती गुरगुरली, दात लावला नाही. मी पेपरची सुरळी केली आणि तिच्या उजव्या गालावर हाणली. ती केकाटली नाही. डोळे घट्ट मिटले, शेपूट पोटाशी घेतली आणि मोरीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. वर मी तिला रात्रभर गॅलरीत कोंडलं. माजलीय, म्हटलं. पेपरच तर होता, असंही स्वतःला सांगितलं.

चौथ्या दिवशी उजव्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज आली. गांधीलमाशी चावली असेल, असं वाटलं. पण वरची मोठी दाढ चिरलेली निघाली. तिची मुळं थेट डोळ्याखाली जातात, तिथे पू धरला होता. दाढ चिरणारी नळीची हाडं मटणवाल्याकडून मीच आणायचे. माणसांची दुखण्याची गोळी द्या, असं कुणी सुचवलं होतं, ती दिली नाही हे नशीब. आयबुप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्यांच्या किडन्या जाऊ शकतात.

भूल देऊन दाढ काढली. पंधरा दिवसांनी तिने दोरी आणून माझ्या पायावर टाकली.

आता दर रविवारी मी तिचे ओठ वर करून दात बघते. ती बघू देते. पण सकाळी पेपर उलगडला की अजूनही उठून आत जाते.