तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लेवरफुल हवंय, पण स्पायसी नको

"फ्लेवरफुल हवंय पण स्पायसी नको, मग काय करायचं?" हे मला सारखं विचारतात, बाहेरगावहून पुण्यात नोकरीला आलेली मुलंमुली तर विचारतातच, पण ज्यांना डॉक्टरांनी तिखट बंद केलंय तेही विचारतात, आणि विचारताना सगळ्यांच्या मनात एकच असतं की तिखट काढलं की जेवण पांचट होणार.

नाही होत. मुळात तिखट ही चवच नाहीये. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या रिसेप्टरला चेतवतं, म्हणून आग होते, आणि तो रिसेप्टर शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं (विभागून). जिभेला कळतं ते गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मशरूम, टोमॅटोत असते ती भरीव चव) एवढंच, बाकी सगळी मजा नाकाची, म्हणूनच सर्दी झाली की पक्वान्नसुद्धा बेचव लागतं. म्हणजे लक्ष द्यायचं ते वासाकडे!

आणि त्यासाठी आपल्याकडे गोडा मसाला आहे की. धने, सुकं खोबरं, तीळ, दालचिनी, लवंग, नागकेशर आणि दगडफूल. दगडफूल नुसतं हुंगलं तर फारसा वास येत नाही, थेंबभर तेलात मंद आचेवर परतलं की मग तो मातकट, धुरकट वास सुटतो, माझ्या मते मसाल्याचा जीव तोच, त्यामुळे ते वगळू नका, फक्त कचरा-खडे नीट निवडून घ्या.

आता साधी तुरीच्या डाळीची आमटी घ्या. मसाल्यातले बरेचसे वास पाण्यात नाही, तेलात उतरतात, म्हणून फोडणी नीट तापलेली हवी, मोहरी तडतडून थांबली की जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, आणि लगेच डाळ. गोडा मसाला फोडणीत घालू नका, करपतो आणि कडू होतो, डाळीला उकळी आली की चिंचेचा कोळ, गूळ, मीठ आणि तेव्हाच मसाला. घरी करायच्या आधी चव बघायची असेल तर नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ खाऊन या, गोडसर रस्सा असूनही किती भरलेली चव असते ते कळेल.

मसाला मात्र किलोकिलोने आणू नका प्लीज, दळला की वास उडायला लागतो. तुळशीबाग-मंडईकडे गेलात की पावशेर घ्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि गॅसपासून लांब ठेवा.