हिला रिझर्व्ह कुठंय?

"चालू झाली का गं?"

जर्मनीत, मॅनहाइमच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये बाबांनी हे तिसऱ्यांदा विचारलं. गाडी केव्हाच चालू झाली होती, पण आवाज नाही, थरथर नाही, त्यामुळे त्यांचा विश्वास बसेना. बाबांनी आयुष्यभर एकच फियाट सांभाळली. सकाळी चोक ओढायचा, इंजिनाने धरलं की नाही ते कान देऊन ऐकायचं, मग चोक हळूहळू आत सारायचा. त्यांच्या मते जी गाडी सुरू होताना खोकत नाही ती गाडीच नव्हे, फ्रीज आहे. पुढे दोन दिवस भाड्याच्या त्या इलेक्ट्रिक गाडीला ते फ्रीजच म्हणत राहिले.

बेत माझा होता. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याला, कार्ल बेंझला, न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन निघाली. बरोबर पंधरा वर्षांचा ऑयगेन आणि तेरा वर्षांचा रिचर्ड, ही तिची दोन मुलं. मॅनहाइमहून माहेरी, फॉर्त्सहाइमला, शंभरेक किलोमीटर. कार्लचं मोटारीचं पेटंट १८८६चं, पण गाडी घ्यायला गिऱ्हाइकं पुढे येत नव्हती. लग्नाआधीच आपल्या हुंड्यातले पैसे बर्थाबाईंनी त्याच्या कारखान्यात घातले होते, तेव्हा गाडी रस्त्यावर चालते हे दाखवायची निकड त्यांनाच जास्त असणार. त्यांच्या वाटेवर २००८पासून पाट्या लागल्या आहेत. जायचा रस्ता वेगळा, यायचा वेगळा, मिळून १९४ किलोमीटर. तीच वाट बॅटरीच्या गाडीने करायची होती. योगायोग म्हणजे त्याच १८८८ साली कोबुर्गमध्ये आंद्रेआस फ्लॉकेन यांनी विजेवर चालणारी चारचाकी बनवली. म्हणजे 'नवीन' म्हणून आपण जिला बिचकतो ती या प्रवासाच्याच वयाची.

निघताना बॅटरी ६४ टक्के. आदल्या दिवशी फ्रँकफर्टहून येताना ऑटोबानवर, म्हणजे द्रुतगती मार्गावर, मी हौसेने १३०ने हाणली होती. त्या वेगाला वाराच अर्धी बॅटरी खातो, हे आकडा उतरताना बघून कळलं. हॉटेलला चार्जर नव्हता. "हिला रिझर्व्ह कुठंय?" बाबांनी विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांनी सीटबेल्ट जरा घट्ट केला.

लाडेनबुर्गला बेंझच्या जुन्या कारखान्यात संग्रहालय आहे. तिथे बाबा मोटारीसमोर ओणवे होऊन इतका वेळ थांबले की मी बाहेर जाऊन बाकावर बसले. परत आले ते हरखून. "स्टिअरिंग नाही गं, नुसता दांडा! आणि इंजिन उघडं, सगळं हाताला लागतं." हायडेलबर्ग आम्ही गाडीतूनच पाहिलं, थांबायला जागाच मिळाली नाही.

वीसलोखला मात्र उतरलो. गावातलं औषधांचं दुकान स्वतःला जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणवतं, आणि ते खरंही आहे. बर्थाबाईंच्या गाडीला लागायचं लिग्रोईन, म्हणजे एरवी डाग काढायला वापरायचा द्रव, आणि तो मिळायचा औषधवाल्याकडे. दुकानासमोर स्मारक आहे. त्याच्यापाशी उभी राहून मी फोनवर पुढचा चार्जर शोधत होते. एक बंद दाखवत होता. दुसऱ्याला वेगळं ॲप लागत होतं, आणि ते ॲप माझं कार्ड घेईना.

"इथेच विचार ना," बाबा म्हणाले, "औषधांच्या दुकानात मिळतंय का बघ."

शेवटी ब्रुखझालमध्ये एक चार्जर मोकळा मिळाला. अकरा किलोवॅटचा, म्हणजे तासाभरात साठेक किलोमीटरची भर. घाई असणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. त्याने हमरस्त्यावरचा वेगवान डीसी चार्जर गाठावा, आणि तिथेही ऐंशी टक्क्यांना उठावं, कारण पुढचे वीस टक्के मुंगीच्या पावलाने चढतात. आम्हाला घाई नव्हती. याच गावात एका लोहाराने बर्थाबाईंच्या गाडीची साखळी नीट करून दिली होती. इंधनाच्या नळीत कचरा अडकला तेव्हा त्यांनी टोपीची पिन घालून ती मोकळी केली, आणि इन्सुलेशन गेलेल्या तारेवर आपला मोज्याचा पट्टा गुंडाळला, असं सांगतात. हे ऐकून बाबांना भरून आलं. कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक तोटी, काढून तोंडाने फुंकण्यात त्यांचे कित्येक रविवार गेले होते.

शेजारी एक फिकट निळी फोक्सवागन बीटल येऊन थांबली, १९६० सालची. मालक बाबांच्याच वयाचे, हातात फडकं. त्यांच्या नंबराच्या शेवटी 'एच', आमच्या नंबराच्या शेवटी 'ई'. तीस वर्षांच्या वरची आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल तर जर्मनीत हा 'एच' मिळतो. कर वर्षाला ठरावीक १९१.७३ युरो, आणि प्रदूषणामुळे जुन्या गाड्यांना बंदी असलेल्या भागातही तिला मोकळीक. 'ई' विजेच्या गाड्यांचा. दोन्ही पाट्यांकडे बोट दाखवून आजोबा हसले. मी दुभाषी झाले, पण मिनिटभरच. त्यांनी पुढचं झाकण उघडून टाकी दाखवली, मागचं उघडून इंजिन, आणि एका कापडात गुंडाळलेला इंजिनाच्या पंख्याचा जादा पट्टा. दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल ते घालत नाहीत, जुने रबरी पाइप त्याने खराब होतात. मग बाबांना चालकाच्या जागी बसवून त्यांनी खाली, पायाशी, एक छोटी खिट्टी दाखवली. या गाडीला पेट्रोलचा काटाच नाही. गाडी गचके द्यायला लागली की पायाने खिट्टी फिरवायची, शेवटचे काही लिटर मोकळे होतात, आणि मग पंप शोधायचा.

"रिझर्व्ह!" बाबा ओरडले. शब्द तिथेही तोच निघाला. पुढची पाच मिनिटं दोन म्हातारे 'रिझर्व्ह, रिझर्व्ह' म्हणत एकमेकांच्या खांद्यावर थापा मारत होते.

आमची निघायची वेळ झाली तर केबल निघेना. चार्जिंग थांबवलं, बटण दाबलं, ओढून पाहिलं. केबल गाडीत गच्च. मदतकेंद्राच्या फोनवर संगीत वाजत राहिलं. जादा वेळ अडवून ठेवल्याचा दंड लागेल म्हणून माझा जीव वर-खाली. बाबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "एकदा लॉक कर. आता उघड." खट् आवाज झाला आणि केबल हातात आली. प्लग गाडीच्या लॉकला बांधलेला असतो, हे मला माहितीच नव्हतं. "डिकी अशीच अडकायची आपली," एवढंच ते म्हणाले, पण फॉर्त्सहाइम येईपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान काही उतरलं नाही.

फॉर्त्सहाइमला पोचल्यावर बर्थाबाईंनी नवऱ्याला तार केली होती. आम्ही आईला फोटो पाठवला. तिने गाडीबद्दल अवाक्षर न काढता जेवलात का विचारलं.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर आधी चढ लागला. टक्के भराभर उतरले. अशाच चढांवर बर्थाबाईंच्या मुलांना उतरून गाडी ढकलावी लागली होती, आणि घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं, चढासाठी आणखी एक गिअर हवा. मग उतार आला. मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, गाडी आपसूक धरल्यासारखी हळू झाली आणि पडद्यावर ५१चे ५२ झाले. बाबा पुढे वाकले. "हे काय?" मोटर उलटी जनित्रासारखी चालते आणि बॅटरी भरते, असं मी सांगितलं. "उतारावर पेट्रोल परत आलेलं मी जन्मात बघितलं नाही," ते म्हणाले. त्या उतारभर त्यांनी मला ब्रेकला पाय लावू दिला नाही.

बाउश्लॉटच्या चांभाराने बर्थाबाईंच्या झिजलेल्या लाकडी ब्रेकवर चामडं ठोकून दिलं होतं, ते पहिलं ब्रेक लायनिंग. आमच्या गाडीचे ब्रेक दोन दिवसांत तापलेही नसतील.

मॅनहाइमला गाडी लावली तेव्हा २३ टक्के उरले होते. बाबा म्हणाले, "बॉनेट उघड." उघडलं. आत काळं प्लास्टिकचं झाकण, न उघडणारं. त्यांनी ते बोटाने वाजवून पाहिलं. कडेला निळ्या टोपणाची वायपरच्या पाण्याची टाकी होती, तीही अर्धी रिकामी. बर्थाबाईंना इंजिन थंड ठेवायला वाटभर पाणी भरत जावं लागलं होतं, हे मी त्यांना सकाळीच सांगितलं होतं. ते काही बोलले नाहीत. हॉटेलात जाऊन दोन बाटल्या भरून आणल्या, एक थेंब न सांडता टाकीत ओतल्या, टोपण लावलं, हात खिशातल्या फडक्याला पुसले आणि म्हणाले, "हं. आता परत कर."