बाबांचं सीईए ‘नॉर्मल’ होतं

बाबांच्या सातबाऱ्याच्या पिशवीत तो पहिला रिपोर्ट अजून आहे. चार घड्या पडलेला, कोपरा पिवळा झालेला. सीईए नावाच्या रक्ततपासणीचा आकडा ३.८, आणि त्यापुढे छापलेलं: ५ पर्यंत नॉर्मल. त्या एका आकड्यावर आम्ही चार महिने निश्चिंत राहिलो.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. बाबांना शौचातून रक्त पडायचं. मूळव्याध असेल म्हणून आधी गावठी पुड्या झाल्या. मग तालुक्याच्या एका लॅबमध्ये मोठं पॅकेज केलं, त्यात ‘कॅन्सरची टेस्ट’ म्हणून सीईए होती. काउंटरवरच्या मुलानं रिपोर्ट हातात देताना सांगितलं, कॅन्सर नाही, घाबरू नका. बाबांना तेवढंच पाहिजे होतं. “कागदावर लिवलं हाये ना नॉर्मल, मंग कायले मांगं लागता?” पऱ्हाटी फुटली होती, वेचायला बाया मिळत नव्हत्या. खरं सांगते, मलाही तेच ऐकायचं होतं.

संक्रांतीपर्यंत बाबांना वावराच्या धुऱ्यापर्यंत चालवेना. हिमोग्लोबिन ७.४. भावानं आणि मी त्यांना सेवाग्रामला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आमचा लाडका रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, “काका, शौचाची सवय बदलली का? वजन उतरलं का?” दोन्हीला हो. त्यांनी लगेच दुर्बिणीच्या तपासणीची, म्हणजे कोलोनोस्कोपीची तारीख दिली.

मी रिपोर्ट पुढे सरकवून म्हटलं, पण हे तर नॉर्मल आहे. त्यावर त्यांनी जे समजावलं ते मला त्या लॅबमध्येच कुणीतरी सांगायला हवं होतं. सीईए हे एक प्रथिन आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये ते रक्तात वाढू शकतं, पण वाढतंच असं नाही. सुरुवातीच्या अवस्थेत कितीतरी जणांचं नॉर्मलच येतं. उलट बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं, कावीळ किंवा लिव्हरचा आजार असलेल्यांचं कॅन्सर नसतानाही वाढलेलं दिसतं. म्हणून निदान या टेस्टवर होत नाही. रक्त पडत असेल तर आतून बघायचं आणि तुकडा काढून तपासायचा.

आदल्या रात्री जुलाबाचं औषध पाण्यात कालवून बाबांना पेल्या-पेल्यानं पाजलं. धर्मशाळेतला संडास एकच, बाहेर रांग. बाबा रात्रभर भिंत धरून येत-जात होते आणि मी बादली भरत होते. त्यांची पाठ तेव्हा इतकी हडकुळी झालीय हे मला पहिल्यांदा दिसलं.

सिग्मॉइडमध्ये, म्हणजे आतड्याच्या डाव्या खालच्या वळणावर, गाठ निघाली. बायोप्सीत कॅन्सर. ऑपरेशनच्या आधी पुन्हा सीईए केलं, ९.४. मला वाटलं, आता तिसरी की चौथी स्टेज हे यावरून कळेल. तसं नसतं. खूप वाढलेला आकडा दिसला तर डॉक्टर लिव्हर-फुफ्फुसाकडे जास्त बारकाईनं बघतात, पण स्टेज ठरते ती सीटी स्कॅनवर आणि काढलेल्या आतड्याच्या तपासणीवर. मग हा आकडा कशाला? तर पुढे तुलना करायला. आधी किती होतं हे माहीतच नसेल तर नंतर उतरलं की चढलं हे कशावरून सांगणार?

ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसलं; रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं नाव जुळवताना भावाच्या चार चकरा झाल्या, तेवढंच. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात आतड्यालगतच्या १४ लसीका गाठी (लिम्फ नोड) तपासल्याचं होतं, त्यातल्या २ मध्ये कॅन्सर. किमान १२ तरी तपासाव्या लागतात, कमी तपासल्या तर स्टेजवर विश्वास ठेवता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. तिसरी स्टेज. दूर कुठे पसरलेला नव्हता.

ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी सीईए २.६ आलं. गाठीसोबत आकडाही खाली आला, हे चांगलं लक्षण. मग किमो. तिसऱ्या सलाइनच्या वेळी ते ५.८ झालं आणि मी व्हरांड्यातच खाली बसले. डॉक्टरांनी सांगितलं, या औषधानं लिव्हरवर ताण येतो, किमो चालू असताना आकडा तात्पुरता चढू शकतो, एका रिपोर्टवरून काही ठरवायचं नाही. किमो संपल्यावर पुन्हा केलं, २.९. सीटीही साफ.

आता दर तीन महिन्यांनी सीईए. एक गोष्ट मी हट्टानं पाळते: टेस्ट एकाच लॅबमध्ये. लॅब बदलली की मशीन बदलतं, पद्धत बदलते, आणि जुन्या आकड्याशी नवा ताडून बघता येत नाही. वहीत मी तारीख, आकडा आणि लॅब असे तीन रकाने पाडलेत. बाबांनी बिडी सोडली, तीही तारीख त्याच पानावर आहे.

पुढची टेस्ट नेमकी वेचणीच्या दिवसांत येते. बाबा म्हणतात, “कापूस घरी येऊ दे, मंग जाऊ बाई.” मी एसटीची वेळ विचारून ठेवली आहे, सकाळची सव्वासहाची.