बंद नाही, तर मंद: आरएनएआयचा माझा अनुभव

मी अभ्यासत असलेलं जनुक न्यूरोस्पोरा क्रासा या बुरशीला जगायलाच लागतं, हे उमगायला आठ महिने गेले. नॉकआउट केलं, म्हणजे ते काढून तिथे हायग्रोमायसिन या औषधाला तोंड देणारं जनुक बसवलं, की त्या औषधाच्या प्लेटवर वसाहती उगवायच्या, पण पीसीआर या डीएनए तपासणीत मूळ जनुक पुन्हा हजर! या बुरशीच्या तंतूंत असंख्य केंद्रकं एकत्र नांदतात. जनुक गमावलेली केंद्रकं शेजाऱ्यांच्या जिवावर तगतात. क्रॉस (संकर) करून ती वेगळी काढली, तर ते बीजाणू रुजतच नव्हते.

गाईड म्हणाल्या, "बंद होत नाही ना? मग मंद करून बघ."

मग आरएनएआयकडे, म्हणजे जनुकाचा आरएनए संदेश तोडून ते मंद करण्याच्या तंत्राकडे, वळले. जनुकाचा एक तुकडा सुलट आणि उलट असा जोडायचा, मधे इंट्रॉन (आरएनएमधून नंतर कापला जाणारा भाग) ठेवायचा. त्यातून तयार होणारा आरएनए स्वतःवरच दुमडतो (हीच हेअरपिन), डायसर हे एन्झाइम त्याचे 21 ते 25 अक्षरांचे बारीक तुकडे करतं आणि त्यांच्या खुणेवरून आर्गोनॉट प्रथिन जनुकाचा संदेश तोडून टाकतं. हे तुकडे पेशीरसात फिरतात. म्हणजे हेअरपिन एकाच केंद्रकात असली तरी धाक सगळ्यांवर! ज्या अडचणीनं माझं नॉकआउट अडवलं होतं, ती इथे आडवी येतच नव्हती.

हेअरपिन बांधणं मात्र जिकिरीचं. ती वाहून नेणारं प्लास्मिड (डीएनएचं छोटं वर्तुळ) ई. कोलाय या जिवाणूत वाढवायचं, पण तो उलटसुलट तुकडे खुडून टाकतो, त्यामुळे तीनदा प्लास्मिड आखूड निघालं. रिकॉम्बिनेशन (डीएनएची तोडजोड) कमी करणारा ई. कोलायचा स्ट्रेन घेतला, तेव्हा कुठे जमलं.

कंट्रोल म्हणून, म्हणजे तंत्र चालतंय का हे पडताळायला, बुरशीला केशरी रंग देणाऱ्या एएल-1 जनुकाची हेअरपिनही घातली होती. रोमानो आणि माचिनो यांनी 1992 मध्ये याच बुरशीत या जनुकाच्या जादा प्रती घातल्या आणि बुरशी फिकी पडली, ती हीच कहाणी. माझ्या नळ्यांत काही गर्द केशरी, काही लिंबोणी, दोन तर कापसासारख्या पांढऱ्या. एकच प्लास्मिड, पण कुठे आणि किती प्रती बसल्या त्यावर इतका फरक! त्या नळ्या मी कितीतरी वेळ उजेडात धरून पाहत होते.

माझ्या जनुकाचेही ट्रान्सफॉर्मंट (हेअरपिन बसलेल्या बुरशी) असेच वेगवेगळे निघाले. आधी वाटलं, प्रयोग फसला. मग प्रत्येकात संदेश किती उरलाय ते क्यूपीसीआरनं मोजलं आणि लांब काचनळ्यांत रोज बुरशीच्या कडेवर पेननं रेघ मारली. संदेश जितका कमी, तितक्या रेघा जवळजवळ. सगळ्यात मंद नळीत तंतूंची टोकं सूक्ष्मदर्शकाखाली फुगलेली, वेडेवाकडे फाटे फुटलेली. नॉकआउटनं हे कधीच दिसलं नसतं, कारण बघायला बुरशी उरलीच नसती.

त्याच जनुकाच्या वेगळ्या भागावरची दुसरी हेअरपिन घातल्यावरही तेच दिसलं, म्हणजे परिणाम चुकून दुसऱ्याच जनुकावरचा नव्हता, तेव्हाच मी ते वहीत पक्कं लिहिलं.

पुढे चौथ्या सबकल्चरला (नव्या नळीत पुन्हा वाढवताना) पांढऱ्या नळीत केशरी ठिपके परतले. माझ्या जनुकाचे दोन ट्रान्सफॉर्मंटही वेगानं वाढू लागले, म्हणजे मंदपणा ओसरत होता. तेव्हापासून नवा ट्रान्सफॉर्मंट हाती आला की त्याचे बीजाणू त्याच दिवशी उणे 80 अंशांवर ठेवते, मगच पुढचं काम.