तुम्ही विचारलंत म्हणून: 'नव्या संशोधनानुसार' वाचायचं कसं?

"नव्या संशोधनानुसार…" अशी बातमी आणि खाली "हे खरं आहे का हो?" एवढंच. हा प्रश्न इतक्या जणांकडून येतो की एकेकाला उत्तर देण्यापेक्षा मी काय बघतो ते एकदा लिहून टाकतो.

बातमी बाजूला ठेवायची आणि मूळ शोधनिबंध काढायचा. बातमीत जर्नलचं नावच नसेल तर तिथेच थांबलात तरी फारसं काही बुडत नाही. निबंध मिळाला की सारांश आणि निष्कर्ष सोडून थेट 'पद्धती' हा भाग उघडायचा. तिथे किती जणांवर प्रयोग झाला, तुलना कशाशी केली आणि एकूण किती गोष्टी मोजल्या, एवढं हुडकायचं. पहिला आकडा सगळे बघतात. शेवटचा जवळजवळ कुणीच बघत नाही, आणि खरी मेख तिथेच असते.

2015 मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम एक कच्चा प्रयोग केला. माणसं 15, मुदत तीन आठवडे, आणि मोजमापं तब्बल 18: वजन, कोलेस्टेरॉल, झोप वगैरे. चॉकलेट खाणाऱ्यांचं वजन लवकर उतरलं असं 'सिद्ध' झालं आणि बातमी देशोदेशी छापून आली. आकडे खोटे नव्हते. एका मोजमापात निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची शक्यता 5 टक्के धरली, तर न दिसण्याची 95. हे 0.95 अठरा वेळा गुणा: साधारण 0.40 येतात. म्हणजे चॉकलेटमध्ये काहीही दम नसला तरी कुठेतरी 'लक्षणीय' फरक सापडण्याची शक्यता 60 टक्के. अठरा खडे मारल्यावर एखादा लागतोच. मग त्याच्याभोवती वर्तुळ काढायचं आणि नेम अचूक म्हणायचं.

यावर उपाय म्हणजे नोंदणी: काय मोजणार हे प्रयोगाआधीच जाहीर करायचं. त्याने केवढा फरक पडतो बघा. अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय, फुप्फुस व रक्त संस्थेच्या निधीतून झालेल्या 55 मोठ्या चाचण्या 2015 मध्ये कुणीतरी पुन्हा तपासल्या. 2000 पूर्वीच्या 30 पैकी 17 चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. नोंदणी सक्तीची झाल्यानंतरच्या 25 पैकी फक्त 2 मध्ये. 2000 साली औषधं एकाएकी निकामी झाली असतील असं मला तरी वाटत नाही.

दुसरी गफलत टक्क्यांची. 2015 मध्येच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सांगितलं की रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची जोखीम 18 टक्क्यांनी वाढते. कशाच्या 18 टक्के? समजा, आयुष्यभरात 100 पैकी 5 जणांना तो होतो. मग 5 चे 5.9 झाले, शंभरात जेमतेम एक वाढला. लाखो लोकांचा विचार करणाऱ्यांना हे थोडं नाही, पण "18 टक्के लोकांना कर्करोग" हा अर्थ कुठून काढला देव जाणे. संस्थेने हे मांस तंबाखूच्याच गटात टाकलं म्हणजे ते तंबाखूइतकं घातक, हाही तसाच गैरसमज. तो गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही.

कधी चूक शाळेतल्या गुणाकारात असते. 2024 मध्ये काळ्या प्लास्टिकच्या स्वयंपाकाच्या उलथन्यांमधून अग्निरोधक रसायन पोटात जातं, अशी मोठी खळबळ उडाली. अंदाज होता दिवसाला 34,700 नॅनोग्रॅमचा. मर्यादा वजनाच्या दर किलोमागे 7,000 नॅनोग्रॅम. 60 किलोच्या माणसासाठी निबंधात लिहिलं होतं 42,000. म्हणजे काठावरच! आता 60 गुणिले 7,000 करून बघा. 4,20,000. एक शून्य गळलं होतं. प्रमाण 80 टक्क्यांवरून 8 वर आलं. लेखकांनी दुरुस्ती छापली आणि निष्कर्ष बदलत नाही असंही म्हटलं. हे रसायन ज्यातून येतं ते भंगार इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं प्लास्टिक स्वयंपाकघरात येऊ नये, इतपत ते मला मान्य आहे. पण घबराट पसरली ती त्या गळलेल्या शून्यावर.

मानसशास्त्र आणि समाजशास्त्रात एका निबंधावर विसंबूच नये. 2015 मध्ये मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळच्यांपैकी 97 टक्क्यांत लक्षणीय परिणाम होता, पुनरावृत्तीत 36 टक्क्यांत. लहान मुलांना मार्शमॅलो (एक मऊ गोळी-मिठाई) देऊन 'थांबलास तर दोन मिळतील' सांगणारा प्रयोग आठवत असेल. 2018 मध्ये 900 हून अधिक मुलांवर तो तपासला, तेव्हा थांबण्याचा आणि पुढे शाळेतल्या यशाचा संबंध मूळच्या निम्माच निघाला. घरची परिस्थिती वगैरे हिशेबात धरल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश गेला.

भौतिकशास्त्रात निकाल निदान लवकर लागतो. जुलै 2023 मध्ये एलके-99 हा पदार्थ नेहमीच्या तापमानाला अतिवाहक, म्हणजे वीज जराही रोध न होता वाहू देणारा, असल्याचा दावा प्रीप्रिंट म्हणून आला, म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीच. ऑगस्टमध्येच इतर प्रयोगशाळांनी कारण शोधलं: त्यात कॉपर सल्फाइडची भेसळ होती आणि 104 अंश सेल्सिअसच्या आसपास त्याचीच रचना बदलून रोध एकदम घसरत होता.

आणि एक, निबंध मागे घेतलाय का तेही बघा. जर्नलच्या पानावर तसं ठळक लिहिलेलं असतं, पण फिरत आलेल्या पीडीएफवर नसतं. लस आणि ऑटिझमचा संबंध जोडणारा 1998 चा, अवघ्या 12 मुलांवरचा निबंध 'द लॅन्सेट'ने 2010 मध्ये मागे घेतला. लोक तो अजून पाठवतात.