वाफसा

मी मूळचा खो-खोचा. पण कॉलेजात क्रीडा संचालक म्हटलं की फुटबॉल, कबड्डी, बुद्धिबळ, क्रॉस कंट्री सगळं एकाच गळ्यात. पतियाळ्याला सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स केला, तेवढंच माझं फुटबॉल. लोकांना वाटतं कोच म्हणजे शिट्टी. आमचा अर्धा मोसम पात्रता अर्जांत जातो: बारावीची मार्कशीट, बोनाफाईड, अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर शिक्का. तो सरकला की पोरगा बाद, मग तो कितीही भारी खेळो.

पोळ्यानंतरचा आठवडा होता. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, सेमीफायनल. उतरायची सोय नेहमीसारखी वर्गखोलीत, बाकं भिंतीला सरकवून. मैदान म्हणजे मुरूम न टाकलेलं काळं शेत, दोन टोकांना पोल उभे केलेले.

समोरच्या संघाची आदल्या दिवशीची मॅच मी वहीत उतरवून घेतली होती, आणि सांगतो, अशी वही आमच्या भागात दुसऱ्या कुणाकडे नसेल. त्यांचा लेफ्ट बॅक उजव्या पायाचा. रेषेकडून गेलं की डावा पाय टाकतच नाही. किपर उंच बॉलला पुढे येतो पण ठोसा मारतो, पकडत नाही. आणि मुख्य म्हणजे शेवटच्या वीस मिनिटांत त्यांचे हाफ, म्हणजे मधल्या फळीतले खेळाडू, पळायचे थांबून चालायला लागतात. दोन्ही गोल त्यांनी तेव्हाच खाल्ले होते. रात्री फळ्यावर सगळं काढलं. पहिला हाफ दम राखायचा, जागा सोडायची नाही, दुसऱ्या हाफात विंगवरून तुटून पडायचं. पस्तीस-पस्तीस मिनिटांचा खेळ, बाण काढता काढता खडू संपला. पोरं माना डोलावत होती.

रात्री पत्र्यावर पाऊस सुरू झाला तो पहाटे थांबला. सकाळी मैदानावर गेलो, टाच दाबली, पाणी वर आलं. मनात म्हटलं, बरंच झालं. ऊन पडेल, दुसऱ्या हाफापर्यंत डबकी आटतील, आपला पासचा खेळ तेव्हाच सुरू होणार.

सोळा नंबर माझ्या मागेच उभा होता. राखीव विंगर, पारोळ्याकडचा, घरी कापूस आणि बाजरी. वाकून त्याने मातीची गोळी केली, बोटांत फिरवली.

"सर, आते पानी शे तवलोंग पयी ल्या, गोल करी ल्या. ऊन पडनं का माटी बूट धरी."

पाणी आहे तोवर पळून गोल करून घ्या, ऊन पडलं की माती बूट धरेल, असं त्याचं अहिराणीतलं म्हणणं. मी म्हटलं, "तू आधी बूट घाल."

एकविसाव्या मिनिटाला त्यांच्या बॅकने उंच किक मारली. आमचा स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, टप्प्याचा अंदाज घेऊन मागे सरकला. बॉल डबक्यात पडला आणि तिथेच बसला, उसळलाच नाही. स्टॉपर मागेच राहिला, पुढून त्यांच्या पोराने नुसता पाय लावला. तरी मी शांत होतो. वीस मिनिटं कुणाची खराब आहेत ते माझ्या वहीत होतं.

हाफ टाइमला ऊन पडलं. भाद्रपदातलं आमच्याकडचं ऊन, पाठ भाजणारं. डबकी खरंच आटली. आणि माती चिकटायला लागली. पोरं चहाच्या कपाच्या काठाने, काडीने, नखांनी स्टडमधला चिखल काढत होती आणि दहा पावलांत पुन्हा तेवढाच. आमच्यातल्या निम्म्यांचे बूट स्वस्तातले, आखूड स्टडचे. एकदा माती भरली की तळवा सपाट. त्या संध्याकाळी मी एक बूट किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवला: ८४० ग्रॅम. धुऊन वाळवल्यावर तोच बूट २९० भरला. म्हणजे पोरगं पायागणिक अर्धा किलो जास्त ओढत होतं आणि मी रेषेवरून ओरडत होतो, विंग, विंग! त्यांचे हाफ चालायला लागले, ते बरोबरच होतं. पण आमचेही चालत होते. लोक हसत होते, "अरे पय ना भो!"

पंधरा मिनिटं राहिली तेव्हा सोळा नंबरला उठवलं. तो म्हणाला, अनवाणी उतरू का? १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणीच फ्रान्सशी खेळले होते, २-१ ने हरले, ही गोष्ट मीच वर्गात रंगवून सांगतो. पण आता नियमात पादत्राण सक्तीचं. नाही म्हटलं.

तो बूट घालून उतरला आणि मैदानात आलाच नाही म्हणा ना. कडेच्या दोन हात पट्टीत हराळी वाढलेली होती, तिने माती धरून ठेवलेली. तेवढ्या पट्टीतूनच तो वर-खाली करत राहिला. लेफ्ट बॅकला तीनदा बाहेरून काढलं, तीन क्रॉस टाकले. एक किपरने ठोसा मारून काढला, माझ्या वहीत लिहिल्याबरहुकूम. बाकी दोन्हींना डोकं लावायला आमचं कुणी पोचलंच नाही.

१-० ने हरलो. प्राचार्यांनी फोनवर विचारलं, "प्रमाणपत्र तरी मिळतं का सेमीफायनलचं?" सहकाऱ्यांनी पावसाला दोष दिला, मीही दोन दिवस दिला.

माझा बापही कोरडवाहू शेतकरी. काळ्या रानात पाऊस उघडल्यावर वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती ना चिकट ना कोरडी अशी होईपर्यंत, औत घालायचं नाही, हे मला चौथीत माहीत होतं. पाणी आटलं म्हणजे जमीन तयार झाली असं आमच्या घरात कुणीच म्हटलं नसतं. मैदान म्हटल्यावर तीच माती मला का दिसली नाही, हे अजून कळत नाही. ट्रॅकसूट घातला की शेत विसरतं की काय कोण जाणे.

परतीच्या एसटीत तो माझ्या शेजारीच बसला होता, मांडीवर बुटांची पिशवी. मी विचारलं, "एवढं ठाऊक होतं तर पुन्हा का नाही सांगितलंस? कॅप्टनला तरी?"

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "तुम्हीन ते फयावर काढेल व्हतं ना, सर."